चक अडलं, मिस्त्री नाही अडला!

बालमित्रांनो, लोणच्याच्या बाटलीचं झाकण तुमच्या घरी कधी अडून बसलं आहे का? आधी आई प्रयत्न करते. मग ताई फडकं लावून पिळून बघते. मग बाबा बाह्या सरसावून येतात. झाकण मात्र हलायला तयार नाही! शेवटी आजी स्वयंपाकघरातून म्हणते, ‘‘अरे, जोर कशाला करता? झाकणावर जरा गरम पाणी ओता.’’ आणि काय गंमत! दुसऱ्या मिनिटाला झाकण उघडलेलं असतं.

आता असंच एखादं झाकण पंधरा-वीस किलो वजनाचं आहे, लोखंडाचं आहे आणि कित्येक महिने एकाच जागी घट्ट बसलेलं आहे, अशी कल्पना करा. ते उघडायचं कसं? त्याचीच ही गोष्ट. ती मी गोंदियात माझ्या डोळ्यांनी पाहिली.

धानाच्या गावातली खराद

गोंदिया म्हटलं की काय आठवतं? तलाव, वैनगंगा आणि धान! १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा बनला. पण गावाचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून रेल्वेच्या नकाशावर आहे. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. पुढे गोंदियाहून जबलपूरकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावू लागली. आता तो मार्गही मोठ्या रुळांचा झाला आहे.

जिथे धान पिकते आणि रेल्वेही असते, तिथे भाताच्या गिरण्या उभ्या राहणारच. गोंदियात त्या भरपूर आहेत. गिरणीत धान रबराच्या दोन रोलरांमधून जाते. हे दोन रोलर वेगवेगळ्या वेगाने फिरतात, त्यामुळे दाणा चोळला जातो आणि तूस सुटते. मग तांदूळ चाळायचा, पॉलिश करायचा, पोत्यात भरायचा. या सगळ्यासाठी शाफ्ट, पुल्या, बेअरिंगे अखंड फिरत असतात. आणि जे फिरते ते कधी ना कधी झिजते, मोडते. तेव्हा गिरणीवाले धाव घेतात खरादीकडे.

खराद म्हणजे लेथ मशीन. तुम्ही कुंभाराचं चाक पाहिलं असेल. त्यावर माती फिरते आणि कुंभाराचा हात तिला आकार देतो. लेथवर मातीऐवजी लोखंड फिरतं आणि हाताऐवजी पोलादाचं धारदार हत्यार त्याला आकार देतं. फिरणारा तुकडा घट्ट धरून ठेवणारा जो पोलादी पंजा असतो, त्याला म्हणतात ‘चक’. पंजाच्या बोटांना म्हणतात ‘जॉ’, म्हणजे जबडे. तीन जबड्यांच्या चकात एक चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदमच सरकतात. गोल दांडा त्यात आपोआप मध्यावर येतो. चार जबड्यांच्या चकात मात्र प्रत्येक जबडा वेगळा हलवावा लागतो. म्हणून वेडावाकडा, चौकोनी तुकडा धरायचा तर चार जबड्यांचंच चक हवं.

मुनीमजी आले धावत

दिवाळी होऊन गेली होती. नवं धान बाजारात येऊ लागलं होतं. मी ज्या वर्कशॉपमध्ये बसलो होतो, तिथे एका गिरणीचे मुनीमजी घामाघूम होऊन आले. त्यांच्या हातात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक ओबडधोबड ठोकळा होता.

‘‘मिस्त्री, बेअरिंगचं घर फुटलं. हा नवीन ठोकळा आणला. याला शाफ्टच्या मापाचं भोक पाडून द्या. गिरणी बंद पडली आहे. अंगणात पोत्यांची थप्पी लागली. बुधवारी सकाळपर्यंत नाही झालं तर नागपूरला न्यावं लागेल.’’

तो दिवस होता सोमवार. मिस्त्रींनी ठोकळा हातात फिरवून पाहिला. काम अवघड नव्हतं. पण ठोकळा चौकोनी! म्हणजे लेथवरचं तीन जबड्यांचं चक काढून चार जबड्यांचं चढवायला हवं.

मिस्त्रींचा भाचा आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स करत होता. सुटीत तो मामाकडे कामाला येई. तो लगेच पुढे झाला. चक हाताने पिळून पाहिलं. हलेना. पाना लावला. हलेना. तोंड लालबुंद झालं, तरी चक जागचं हलेना!

असं का होतं?

मित्रांनो, थोडं थांबू आणि विचार करू. चक स्पिंडलवर बसवतात ते बाटलीच्या झाकणासारखं, आट्यांनी. स्पिंडल म्हणजे लेथचा मुख्य फिरता दांडा. त्याच्या टोकावर बाहेरून आटे असतात आणि चकाच्या पाठीत आतून.

आता गंमत पाहा. मशीन चालू झालं की स्पिंडल चकाला फिरवतो. पण हत्यार लोखंडात घुसलेलं असतं, ते चकाला ‘थांब, थांब’ म्हणत मागे ओढत असतं. या ओढाताणीत चक स्पिंडलवर आणखी पिळलं जातं. आट्यांची दिशा मुद्दामच तशी ठेवलेली असते. समजा ती उलट असती, तर पहिल्याच कामाला चक सैल होऊन उडालं असतं आणि समोर उभ्या माणसाचं डोकं फुटलं असतं! म्हणजे काम करताना चक घट्ट होत जाणं हा दोष नव्हे, ती सोय आहे.

मात्र या सोयीची किंमत असते. चक महिनोन्‌महिने काढलंच नाही, आट्यांमध्ये गंज धरला, किंवा चढवताना लोखंडाचा बारीकसा कीस आत राहिला, तर सोयीची अडचण होते.

‘‘मामाजी, पाइप आणू का?’’

भाच्याने शक्कल लढवली. जुन्या लेथमध्ये बॅक गिअर नावाची दातेरी चाकांची जोडी असते. जड कामासाठी वेग कमी आणि जोर जास्त हवा असला की ती लावतात. बॅक गिअरही लावला आणि सरळ चालवण्याची पिनही आत ठेवली, तर स्पिंडल जागीच जखडला जातो. मग चकाच्या पान्यावर लांब पाइप चढवायचा आणि लटकायचं!

‘‘मामाजी, पाइप आणू का? एका झटक्यात काढतो.’’

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी फक्त भाच्याचा हात धरला आणि गिअरच्या एका दातावर बोट ठेवलं.

‘‘हा दात बिडाचा आहे. बीड दाब सोसते, पण झटका सोसत नाही. तू पाइपाला लटकशील, तर सगळा जोर या एका दातावर येईल. चक निघंल का नाही मालूम नाही, पण दात जाईल. आणि या मशीनचा गिअर आता बाजारात भेटत नाही. कायले घाई करून राहिला बाप्पा? मशीन तुह्या माह्यापेक्षा म्हातारी आहे. म्हाताऱ्या माणसाशी असं वागते का कोणी?’’

मुनीमजी घड्याळाकडे बघत होते. भाचा हिरमुसला. मिस्त्रींनी मेन स्विच बंद केला, मोटरचा पट्टा उतरवला आणि चकाखाली मशीनच्या बेडवर एक जाड फळी ठेवली. अचानक चक निघालंच तर पंधरा-वीस किलोचं धूड बेडवर आदळू नये आणि कोणाची बोटं चेंगरू नयेत, म्हणून!

पहिला उपाय : तेल आणि वाट पाहणे

मिस्त्रींनी कुपीत थोडं डिझेल आणि थोडं पातळ मशीन ऑइल मिसळलं. चक आणि स्पिंडल जिथे भेटतात त्या फटीवर थेंब थेंब सोडलं. थोडं थांबले. चक हाताने जरा फिरवून वरची बाजू खाली आणली, पुन्हा थेंब सोडले.

‘‘एवढ्याशा फटीत तेल जाईल का?’’ मी विचारलं.

जातं, मित्रांनो! कंदिलाची वात आठवा. तेल खाली असतं, तरी ते वातीतून वर चढत जातं. धाग्यांमधल्या अतिशय अरुंद जागेतून द्रव स्वतःहूनच सरकतो. याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितका द्रव जास्त आत ओढला जातो. मात्र त्याला वेळ लागतो. इथे घाई चालत नाही.

मग मिस्त्रींनी लाकडी हातोड्याने चकाच्या पाठीवर चहूबाजूंनी हलके हलके ठोके दिले. दार वाजवावं तसे. जबड्यांवर मात्र एकही ठोका नाही! हलक्या ठोक्यांनी गंज तडकतो आणि तेलाला आणखी वाट मिळते. जबड्यावर घण घातला तर जबडा वाकतो, स्पिंडलच्या बेअरिंगला धक्का बसतो आणि मग मशीन गोल म्हणून जे काही कापील ते गोल नसेल.

‘‘आता?’’ भाच्याने विचारलं.

‘‘आता जेवायचं आणि झोपायचं,’’ मिस्त्री म्हणाले.

मंगळवारी दिवसभर तेच. तेल, ठोके, तेल, ठोके. संध्याकाळी पाना लावून पाहिला. चक ढिम्म! मुनीमजी येऊन गेले. ‘‘नागपूरला फोन करू का?’’ एवढंच म्हणाले. मिस्त्रींच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी दिसली. त्यांनी बुधवार सकाळपर्यंतचाच वेळ मागून घेतला.

दुसरा उपाय : आजीचं गरम पाणी

भाचा पहाटेच गॅसचा बर्नर घेऊन आला. ‘‘मामाजी, तापवू या.’’

‘‘विचार बरोबर आहे, हत्यार चुकीचं आहे,’’ मिस्त्री म्हणाले. दोन दिवस जिथे डिझेल मुरवलं, तिथे ज्वाला नेणं म्हणजे आगीला बोलावणं. शिवाय ज्वालेने बीड एकाच जागी तापतं आणि तडकू शकतं. त्यांनी सगळं चक फडक्याने कोरडं पुसलं आणि चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं! जाड गोणपाट त्यात बुडवून चिमट्याने उचललं आणि चकाच्या पाठीभोवती गुंडाळलं. ते निवलं की दुसरं.

आता थोडा हिशेब करू. तापवलं की लोखंड प्रसरण पावतं, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. एक मीटर लांबीचं बीड एक अंश सेल्सिअसने तापवलं, तर ते मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढं वाढतं. आपल्या चकाच्या भोकाचा व्यास होता सुमारे ५० मिलिमीटर. चक स्पिंडलपेक्षा ६० अंशांनी जास्त तापलं, तर भोक किती मोठं होईल? साधारण ०.०३ मिलिमीटर. वहीच्या पानाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा!

‘एवढ्याने काय होणार?’ असं वाटतं ना? पण अडलेल्या आट्यांना तेवढीच सैल जागा पुरते. अट एकच, चक तापलं पाहिजे आणि स्पिंडल थंड राहिला पाहिजे. उष्णता हळूहळू आतही जाते. म्हणून या वेळी मात्र घाई हवी. दोन दिवस धीर आणि दोन मिनिटं घाई!

तिसरा उपाय : तरफ आणि टक्‌

तयारी आधीच झाली होती. स्पिंडल जखडायला गिअर नको, तर काय? मिस्त्रींनी जुना कातडी पट्टा लेथच्या पुलीभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला आणि त्याचं टोक मशीनच्या पायाला बांधलं. यातली युक्ती कळली का? जोर फार झालाच तर पट्टा घसरेल. दात मात्र मोडणार नाही. काहीतरी हार मानणार असेल, तर ते स्वस्तातलं असावं, हा कारागिराचा हिशेब!

चकाच्या जबड्यांत एक जाड षटकोनी सळई घट्ट धरली होती. तिला ६० सेंटिमीटर लांबीचा पाना लावला. आट्यांची त्रिज्या अडीच सेंटिमीटर. ६० भागिले अडीच किती? २४! म्हणजे पान्याच्या टोकावर तुम्ही एक किलोचा दाब दिला, की आट्यांपाशी तो २४ किलोंएवढा होतो. ही तरफेची करामत तुम्ही सी-सॉवर रोज अनुभवता.

‘‘पट्टा धर,’’ मिस्त्री भाच्याला म्हणाले. गोणपाट दूर केलं. डाव्या हाताने पाना खाली दाबून धरला आणि उजव्या हाताने त्याच्या टोकावर लाकडी हातोड्याचा एक नेमका ठोका दिला.

काही नाही.

दुसरा ठोका. काही नाही. भाच्याने श्वास रोखला होता. मुनीमजी दारात येऊन उभे होते.

तिसरा ठोका... ‘टक्‌!’

आवाज अगदी बारीक आला. सुपारी फुटावी तसा. पाना दोन बोटं खाली गेला होता. मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला आणि चक हाताने फिरवायला लागले. एक फेरा, दोन फेरे... दोघांनी मिळून ते अलगद फळीवर उतरवलं.

आट्यांमधला गुन्हेगार

मिस्त्रींनी टोकदार तारेने चकाचे आटे साफ करायला घेतले. गंज निघाला, काळं तेल निघालं आणि शेवटी निघाला एक वळलेला लोखंडाचा कीस. नखाच्या कातरणाएवढा! आट्यांमध्ये चेंगरून तो चपटा झाला होता. एवढ्याशा किसाने एवढी मोठी गिरणी अडवून धरली होती.

भाच्याने तो तळहातावर घेतला. थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘मामाजी, मागच्या वेळी चक मीच चढवलं होतं. आटे पुसायचे राहिले असतील.’’

मला वाटलं, आता मिस्त्री रागावणार. पण त्यांनी तारेचा ब्रश आणि स्वच्छ फडकं भाच्याच्या हातात दिलं. ‘‘मले मालूम होतं. आता चार जबड्यांचं तू चढव. मी बघत राहतो.’’

भाच्याने स्पिंडलचे आटे घासले, पुसले, बोट फिरवून पुन्हा पाहिले. तेलाचा पातळ हात दिला. चक हाताने, सावकाश, पाठ टेकेपर्यंत फिरवलं. दुपारी ठोकळ्यात भोक पाडून झालं. मुनीमजींनी शाफ्ट घालून पाहिला. नीट बसला. सकाळची मुदत टळून दुपार झाली होती, पण नागपूरला कोणी गेलं नाही. त्या रात्री गिरणीचा आवाज पुन्हा सुरू झाला. आणि तो कीस? तो भाच्याने कागदाच्या पुडीत घालून आपल्या कंपासपेटीत ठेवला आहे!

यंत्रांची आई

मित्रांनो, लेथला यंत्रांची आई म्हणतात. कारण बाकीची यंत्रं बनवायला जे दांडे, चाकं, स्क्रू लागतात ते लेथवर तयार होतात. १८०० सालाच्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे अचूक पाडणारं लेथ बनवलं. त्याआधी एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेलच याची खात्री नसे. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांची ठरावीक मापं सुचवली. आज दुकानातून आणलेला कुठलाही नट त्याच मापाच्या बोल्टला बसतो, तो अशा लोकांमुळे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली. तिची लेथ मशीनं देशभर गेली. १९५३ मध्ये बंगळूरला सरकारी कारखाना निघाला, हिंदुस्थान मशीन टूल्स. म्हणजेच एचएमटी! आधी लेथ, मग घड्याळं.

आणि आता खरी गंमत ऐका. एचएमटी नावाचा तांदूळ तुम्ही खाल्ला असेल. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून, जपून, वर्षानुवर्षं पेरून नवं वाण तयार केलं. त्या वेळी एचएमटी घड्याळ फार लोकप्रिय होतं, म्हणून वाणालाही तेच नाव पडलं. लेथच्या कारखान्याचं नाव घड्याळाला, घड्याळाचं तांदळाला आणि तो तांदूळ सडणारी गिरणी पुन्हा लेथच्या भरवशावर!

आजच्या नव्या लेथवर चक आट्यांनी बसवत नाहीत. कॅमलॉकसारख्या पद्धतीत चावी थोडी फिरवली की चक सुटतं. संगणकावर चालणारी मशीनंही आली आहेत. पण छोट्या गावांतल्या वर्कशॉपमध्ये जुनी मशीनं अजून राबत आहेत. त्यांना मिस्त्रींसारखे हात हवे आहेत.

हे लक्षात ठेवा

लेथ बघायला गेलात तर लांबूनच बघा. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस फिरत्या चकाजवळ नेऊ नका. हातमोजेही नकोत, ते चकात ओढले जातात. चकाची चावी चकातच विसरून मशीन सुरू केलं, तर ती गोळीसारखी उडते. म्हणून चांगला कारागीर चावी हातातून सोडतो ती जागेवर ठेवायलाच.

घरी करून पाहा

धातूचं झाकण असलेली काचेची बाटली घ्या. झाकण घट्ट लावा. आता आई-बाबांच्या मदतीने फक्त झाकणावर अर्धा मिनिट गरम पाणी सोडा. (बाटली फ्रिजमधली नको, काच तडकेल.) फडक्याने धरून फिरवा. झाकण आधीपेक्षा सहज उघडलं का? काचेपेक्षा धातू जास्त प्रसरण पावतो, म्हणून हे होतं.

डोकं चालवा

तुमच्या सायकलच्या उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, पण डाव्या पेडलचे उलटे! ते काढायचं तर पाना उलट्या दिशेने फिरवावा लागतो. असं का बरं केलं असेल? उत्तराचा धागा याच लेखात आहे. चक उडू नये म्हणून काय केलं होतं, ते पुन्हा वाचा. आणि जमलं तर गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनाही विचारा. ते हसून पाना हातात घेतील आणि तुम्हाला दाखवतील.